कोणी थांबवलं?

'मला कुत्रा चावला' हे साधं वाक्य घ्या. चावला कुत्रा, पण वाक्याच्या तोंडाशी बसलोय मी! 'कुत्र्याकडून मी चावला गेलो' म्हणणारा माणूस निदान आमच्या वाड्यावर तरी नाही. तसंच 'दंड बसला', 'मार बसला', 'नजर लागली'. कोणाचं वाईट झालं ते आधी, बाकी मागून.

लाओस, व्हिएतनाम आणि दक्षिण चीनच्या डोंगरांत हमोंग भाषा बोलतात. तिथे 'केला गेला'चं काम करणारा शब्द मुळात 'लागणे, आदळणे' अशा अर्थाचा, आणि तो बहुधा वाईट घडलं तरच वापरतात. एरवी ज्याच्याविषयी बोलायचं ते पुढे ठेवायचं आणि बोलू लागायचं. अशा भाषांना ली आणि थॉम्पसन यांनी १९७६ साली विषयप्रधान म्हटलं. (शाळेत 'रामाने आंबा खाल्ला' हेही कर्मणी म्हणून शिकवतात. मी म्हणतोय ते नवीन कर्मणी, 'खाल्ला गेला'वालं.)

आम्हा कारकुनांचं मात्र उलट. आमच्या 'कळविण्यात येते'मध्ये कर्ताच गायब.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्या शहरात जुनी मराठी घरं पुष्कळ. तशाच एका घरी, काचीगुड्याला, माझी आतेबहीण राहते. मी तिच्याकडे असताना शेजारच्या तेलुगू आजी पेन्शनचं पत्र घेऊन आल्या. नवरा गेल्यानंतरची थकबाकी अडली होती. शेवटचा शब्द ताईने वाचला, 'तेलियजेयडमैनदि', आणि म्हणाली, "कळविण्यात आले आहे." मला हसू आलं, हा तर आमचाच भाऊ! आजी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "एवरु आपारु?" म्हणजे कोणी थांबवलं?

कोकणीत आपण 'कोणें केलें?' विचारतो, तसाच तो प्रश्न. पत्रात त्याचं उत्तर नव्हतं.

तेलुगूत 'कट्टबडिंदि', म्हणजे 'बांधलं गेलं', आहे, पण ते पुस्तकात आणि फायलीत. घरात म्हणतात, 'ई गुडि राजु कट्टिंचाडु', हे देऊळ राजाने बांधवलं. देऊळ पुढे आलं, तरी राजा कुठे पळाला नाही.

ताईने आजींसाठी अर्ज लिहिला. त्यात एकच वाक्य होतं: माझी थकबाकी कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला थांबवली? आजींनी खाली सही केली, सावकाश, पूर्ण नाव.