झांबेझीच्या काठी चार दिवस

आफ्रिका खंडातील थोर नद्यांत झांबेझीची गणना होते. झांबिया देशाच्या वायव्य कोपऱ्यात उगम पावून ही नदी अडीच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करते आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावर हिंदी महासागरास मिळते. व्हिक्टोरियाचा जगप्रसिद्ध धबधबा तिच्याच प्रवाहावर आहे. करिबा व काहोरा बासा ही दोन प्रचंड धरणेही तिच्यावरच बांधलेली आहेत. या दोन धरणांच्या मधल्या खोऱ्यात, झिंबाब्वेच्या उत्तर सीमेवर, ‘मना पूल्स’ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. शोना भाषेत ‘मना’ म्हणजे चार. नदीने आपले पात्र बदलताना मागे सोडलेली चार मोठी तळी येथे आहेत, त्यावरून हे नाव पडले. पुढे हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला व १९८४ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा मान दिला. आम्ही उभयता व हरारे येथे नोकरीस असलेला आमचा धाकटा बंधू, असे तिघे सप्टेंबर महिन्यात तेथे चार दिवस राहून आलो. त्या मुक्कामाची ही हकीकत.

वन्य पशू पाहावयास आफ्रिकेत जाणे म्हणजे श्रीमंतांचे काम, असा पुष्कळांचा समज असतो. शुभ्र चादरी, हाती चहा आणून देणारे नोकर आणि बंदूकधारी वाटाड्या असलेली महागडी निवासस्थाने तेथे आहेत हे खरे. परंतु उद्यान खात्याची साधी निवासगृहेही नदीकाठी आहेत. तेथे खोल्या, खाटा, शेगडी व भांडी मिळतात. स्वयंपाक मात्र ज्याचा त्याने करावयाचा. आम्ही याच दुसऱ्या प्रकारच्या घरात उतरलो होतो. आपली चूल आपण पेटविल्यावाचून परक्या भूमीची खरी ओळख होत नाही, हे तेथे आमच्या ध्यानी आले.

हरारेहून हा प्रवास सुमारे चारशे किलोमीटरांचा आहे. चिनहोयी व करोई ही गावे ओलांडली की वस्ती विरळ होत जाते. उद्यानात दुकान नाही की पेट्रोलचा पंप नाही. म्हणून मीठमिरचीपासून काडीपेटीपर्यंत सर्व काही वाटेतच घ्यावे लागते. करोईच्या बाजारात आम्ही कांदे, टोमॅटो, पालेभाजी, तांदूळ व मक्याचे पीठ घेतले. या पिठाची घट्ट उकड करतात, तिला ‘सद्झा’ म्हणतात. तेच तेथील रोजचे अन्न. त्याच बाजारात बोटाएवढ्या सुक्या मासळीचे ढीग पाहून आम्हांस घराची आठवण झाली. तिचे नाव ‘कापेंटा’. १९६७-६८ साली टांगानिका सरोवरातून आणून ती करिबाच्या जलाशयात सोडण्यात आली. रात्रीच्या वेळी दिवे लावून, त्या उजेडाकडे धावणारी ही मासळी जाळ्यात धरतात. आमच्या घरच्या मंडळींनी तिचा वास घेऊन, ही सुकटीसारखी परतता येईल असा निर्वाळा दिला व दोन पुड्या बांधून घेतल्या.

फळे मात्र आम्ही घेतली नाहीत. संत्री-मोसंबी उद्यानात नेण्यास सक्त मनाई आहे. हत्तीस त्या फळांचा वास दुरून येतो आणि ती मिळविण्यासाठी तो मोटारीचा पत्रा डब्यासारखा उघडतो!

पुढे डोंगराची धार उतरून रस्ता एकदम खोऱ्यात येतो. येथून सुमारे सत्तर किलोमीटर मातीचा रस्ता. दुतर्फा ‘मोपाने’ वृक्षांचे रान आहे. त्याचे पान आपल्या आपट्याच्या पानासारखे दुभंगलेले असते. या भागात त्सेत्से नावाची माशी आढळते. गुरांना तिच्या दंशाने प्राणघातक रोग होतो. म्हणूनच या खोऱ्यात गुरेढोरे फारशी वाढली नाहीत आणि नांगरही फारसा फिरला नाही. वन्य पशूंचे हे राज्य टिकले, त्यास मानवाच्या शहाणपणाइतकीच ही क्षुद्र माशीही कारण आहे.

निवासगृह नदीच्या उंच काठावर होते. समोर झांबेझीचे विस्तीर्ण पात्र, त्यात वाळूची बेटे, आणि पलीकडे झांबियाचे निळे डोंगर. काठाच्या मातीत असंख्य बिळे दिसली. किरमिजी रंगाचे वेडे राघू दरवर्षी या सुमारास येऊन त्या बिळांत घरटी करतात. ते थव्याने उडाले म्हणजे पाण्यावर गुलाल उधळल्याचा भास होतो. सर्वांत नवल वाटले ते हे की, घरास कुंपण नव्हते. उद्यानासही नाही. घराचा उंबरठा ओलांडला की रान सुरू.

अशा घराचे नियम सोपे असतात, पण ते मोडून चालत नाही. निवासगृहाची देखभाल करणारे पन्नाशीतले एक गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच सायंकाळी ते नियम आम्हांस समजावून दिले. पाण्याच्या कडेला उभे राहू नये, कारण सुसर दिसत नाही, ती फक्त येते. पाणघोडा दिवसा पाण्यात असतो, परंतु रात्री चरावयास बाहेर पडतो. तो आणि नदी यांच्या मध्ये कधीही सापडू नये. दिवस मावळला की घराबाहेर पाऊल टाकू नये. भांडी, चपला, खाऊचे डबे अंगणात ठेवू नयेत, कारण तरस काहीही उचलून नेते. चामड्याची चप्पल तर त्यास मेजवानीच. बबून वानरे दिवसाढवळ्या स्वयंपाकघरात शिरतात, यास्तव दाराची कडी घातल्याखेरीज हलू नये. सरपण रानातून गोळा करू नये. ते कार्यालयातून विकत आणावे. वाळलेले लाकूडसुद्धा त्या रानाच्या पोषणाचाच भाग आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अंगणातील चुलीवर भात ठेवला होता. शेजारी ‘मुसांगू’ नावाचा मोठा बाभूळवर्गीय वृक्ष होता. कसलाही आवाज न करता त्याच्याखाली एक भला थोर सुळेवाला हत्ती येऊन उभा राहिला. आम्हांत व त्याच्यात वीस पावलांचेही अंतर नव्हते. देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी दुरूनच तळहात खाली दाबून खूण केली, तेव्हा आम्ही पाठ न फिरविता हळूहळू मागे सरत घरात गेलो. हत्तीने चुलीकडे ढुंकूनही पाहिले नाही. सोंडेने एकेक शेंग उचलून तो तोंडात टाकीत राहिला; मध्येच कपाळाने वृक्षास धक्का देई, की शेंगांचा सडा पडे. तासाभराने तो निघून गेला. करपलेला भात त्या दिवशी कोणी नाकारला नाही. येथील काही हत्ती उंच फांद्या गाठण्यासाठी मागल्या दोन पायांवर चक्क उभे राहतात, असे जगभर प्रसिद्ध आहे. आम्हांस मात्र तो योग आला नाही.

या मुसांगू वृक्षाविषयी आमच्या शेतकरी वाचकांस थोडे अधिक सांगावेसे वाटते. इतर झाडे पावसाळ्यात हिरवी होतात. हा वृक्ष पावसाळ्यात पाने गाळतो आणि कोरड्या दिवसांत हिरवागार असतो. सारे रान वाळलेले असता त्याच्या विलायती चिंचेप्रमाणे पिळलेल्या नारिंगी शेंगा पडू लागतात आणि हत्ती, हरणे, वानरे त्यावर उन्हाळा काढतात. मुळांशी तो नत्र साठवितो, त्यामुळे जमीन कसदार होते. झांबिया, मलावी, नायजर आदी देशांतील शेतकरी तो मुद्दाम शेतात राखतात. पेरणीच्या दिवसांत तो उघडाबोडका असल्याने पिकावर सावली पडत नाही आणि गळलेल्या पानांचे खत आयते मिळते.

परंतु मना पूल्सचे हे वृक्ष म्हातारे होत चालले आहेत आणि नवी रोपे पुरेशी वाढत नाहीत, अशी चिंता जाणकार व्यक्त करतात. रोपे हत्ती-हरणांच्या तोंडी पडतात हे एक कारण. दुसरे असे की, पूर्वी दरवर्षी झांबेझीस पूर येई, नवा गाळ पसरे, तळी भरत. १९५९ साली करिबाचे धरण पुरे झाले आणि तेव्हापासून नदी पूर्वीसारखी मोकळी वाहत नाही.

करिबाची कथा त्या खोऱ्यात जागोजाग ऐकावयास मिळते. १२८ मीटर उंचीची भिंत उभी राहिली आणि तिच्यामागे दोनशे किलोमीटरांहून लांब सरोवर साठले. पाणी चढू लागले तेव्हा बेटांवर अडकलेले सुमारे सहा हजार पशू नावांतून सोडविण्यात आले. १९५८ पासून काही वर्षे चाललेल्या त्या मोहिमेस पवित्र शास्त्रातील नोहाचे नाव दिले होते, आणि वर्तमानपत्रांनी तिचे फार कौतुक केले. त्याच पाण्याने सुमारे ५७,००० टोंगा लोकांस घरेदारे व पूर्वजांच्या समाध्या सोडावयास लावल्या. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या ओल्या मातीत ते दुसरे पीक घेत असत. त्यांना मिळाली ती वरची कोरडी जमीन. उत्तर तीरावरील एका गावाने उठावयास नकार दिला, तेव्हा १९५८ च्या सप्टेंबरात पोलिसांच्या गोळीबारात आठ जणांचे प्राण गेले. धरणाची वीज तांब्याच्या खाणींस व शहरांस पोहोचली. टोंगांची गावे मात्र पुढे कित्येक वर्षे अंधारातच राहिली.

आमच्या निवासगृहाचे ते गृहस्थ याच टोंगांपैकी. तिसऱ्या सायंकाळी ओसरीवर बसून त्यांनी आमच्यासोबत सद्झा व मसाला लावून परतलेला कापेंटा खाल्ला. आमच्या बंधूने त्यांस विचारले, “एवढ्या सुंदर नदीकाठी राहता, भाग्यवान आहात.” ते थोडे हसले व म्हणाले, “आजोबा सांगत, त्यांच्या घरापासून पाणी हाकेच्या अंतरावर होते. मी नदीकाठी राहतो तो नोकरीपुरता. नोकरी संपली की मीही तुमच्यासारखा पाहुणाच.”

हे ऐकल्यावर समोरच्या शांततेकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. कुंपण नसलेले रान आम्हांस पाहावयास मिळाले हा आनंद खोटा नव्हता. पण उद्यानाच्या हद्दीबाहेर जे शेतकरी आहेत, त्यांच्या मक्याच्या शेतासही हत्तीस थोपवील असे कुंपण नाही. आम्ही हत्ती पाहावयास पैसे मोजून येतो. त्यांचे वर्षाचे पीक एका रात्रीत जाते. या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी मिरचीचा उपाय करून पाहिला आहे. हत्तीच्या शेणात मिरचीची पूड मिसळून त्याच्या विटा करतात आणि रात्री बांधावर जाळतात. त्या धुराने हत्ती मागे फिरतो. १९८९ पासून काही जिल्ह्यांत वन्य पशूंपासून होणाऱ्या उत्पन्नाचा वाटा गावांस देण्याची योजनाही सुरू झाली. हा वाटा सर्वत्र सारखा पोहोचला नाही. तरी जो राखण करतो त्यास राखलेल्याचा लाभ मिळावा, हे तिच्यामागील तत्त्व न्यायाचे आहे.

याच नदीने एका गोमंतकीय आठवणीसही जागा दिली आहे. गोव्यात येशूसंघाचे प्रांताधिकारी राहिलेले पोर्तुगीज धर्मगुरू फादर गोन्सालो दा सिल्व्हेरा १५६० साली गोव्याहून गलबताने निघाले आणि झांबेझीच्या मार्गाने मुतापा राजाच्या दरबारी पोहोचले. त्यांनी राजास बाप्तिस्मा दिला. परंतु पुढे दरबारातील विरोधकांनी राजाचे मन फिरविले आणि १५६१ च्या मार्च महिन्यात फादरांचा वध करून त्यांचा देह मुसेंगेझी नदीत टाकण्यात आला. ती नदी आमच्या मुक्कामापासून पूर्वेस, पुष्कळ खाली, झांबेझीच्या पाण्यास मिळते. आपल्या किनाऱ्यास लागणाऱ्या हिंदी महासागरातच हे सारे पाणी जाते. फादर सिल्व्हेरा यांस तेथे कुंपण नव्हते की निवासगृह नव्हते. राजाने देऊ केलेले सोनेही त्यांनी घेतले नाही, असे सांगतात.

निघावयाच्या दिवशी आम्ही भांडी घासून जागेवर ठेवली, चूल विझविली आणि केरकचऱ्याची पिशवी बांधून गाडीत घेतली. तेथे काही मागे टाकावयाचे नसते. उरलेले पीठ व कापेंटाची न उघडलेली दुसरी पुडी त्या गृहस्थांस दिली. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आप्त आफ्रिकेत आहेत. त्यांपैकी कोणास हा योग आला तर ऑगस्ट-सप्टेंबरात जावे, तेव्हा पशू नदीकाठी येतात आणि ऊनही सोसवते. वाटेत रस्त्याच्या कडेला भाजी, मध, टोपल्या घेऊन बसलेल्या बाया दिसतील. त्यांच्याकडून काही अवश्य विकत घ्यावे व घासाघीस करू नये. त्या खोऱ्याचे सौंदर्य आपण चार दिवस पाहतो; त्याचा भार त्या वर्षभर वाहतात.