माघार घेणं हीसुद्धा एक चाल



'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गोष्ट रचत, फासे टाकत खेळायचा खेळ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो आणला. त्याच्या १९८१च्या प्राथमिक नियमपुस्तकातला एक नियम मला फार आवडतो.

प्रत्येक राक्षसाच्या हिंमतीला २ ते १२ पैकी एक अंक असतो. टोळीतला पहिला जण पडला किंवा निम्मे पडले, की खेळ चालवणारा दोन फासे टाकतो. बेरीज त्या अंकापेक्षा जास्त आली, तर टोळी पळते किंवा शरण येते. गॉब्लिनचा अंक ७, म्हणजे ३६ पैकी १५ शक्यता. गणिताच्या तासालाही चालेल बघा!

खेळाडूंसाठी मात्र हा फासा नाही. लढायचं की मागे फिरायचं, हे त्यांनीच ठरवायचं.

मधल्या सुट्टीत भांडण थांबवायचं कसं, हे न कळणारी मुलं तुम्हीही पाहता ना? 'मागे हटला तो भित्रा' हे आपणच त्यांच्या कानावर घालतो. मग थांबायला ती शिकणार कुठे? खेळताना एवढंच विचारा, "आता मागे फिरलात, तर कोण कोण वाचेल?" आणि शत्रू शरण आला तर, "आता त्याचं काय करायचं?" उत्तराची घाई करू नका. मुलांना बोलू द्या.