विंडोज ९५ने सांभाळून घेतलेल्या चुका

१/६
२४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ९५’ बाजारात आणली. या नव्या प्रणालीने इतरांच्या काही जुन्या चुका जाणूनबुजून पोटात घातल्या होत्या. त्यांची ही कथा.

२/६
‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ. मेमरीचा जो भाग त्याने नुकताच सोडून दिला, तोच तो पुन्हा वाचत असे. विंडोज ३.१ वर तो भाग जसाच्या तसा राही. म्हणून हा दोष झाकलेलाच राहिला.

३/६
विंडोज ९५च्या चाचणीत मात्र खेळ बंद पडला. चूक खेळाची, पण ग्राहकाने बोल नव्या विंडोजलाच लावला असता. अखेर अभियंत्यांनी विंडोजमध्येच तरतूद केली: ‘सिमसिटी’ चालू असेल, तर सोडलेली मेमरी लगेच मोकळी करायची नाही.

४/६
दुसरी चूक क्रमांकाची. ‘३.१० किंवा पुढची’ आवृत्ती हवी असलेले अनेक प्रोग्रॅम टिंबाआधी किमान ३ आणि टिंबानंतर किमान १० आहे का, एवढेच पाहत. ४.० मधले शून्य तिथे नापास! म्हणून विंडोज ९५ जुन्या प्रोग्रॅमना आपला क्रमांक ३.९५ सांगे.

५/६
ही सोय चिरकाल टिकली नाही. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम थेट चालत नाहीत आणि २०२१ची विंडोज ११ केवळ ६४-बिटच आहे.

६/६
मोडी वाचणारा नसेल, तर शाबूत दप्तरही मुके होते. जुन्या फायलींचेही तसेच. त्या काळाचा इतिहास जपायचा, तर फायलींसोबत त्या उघडणारे प्रोग्रॅम आणि ते चालवणारी यंत्रेही जपावी लागतील.