संगणकाचा पोशिंदा

आमच्या घरी गेल्या वर्षी जो संगणक आला, तो दुकानातून तयार आला नाही, तो बांधविला. घर बांधविताना वाळू एकीकडून आणि सागवान दुसरीकडून आणावे, त्याप्रमाणे आमच्या चिरंजीव पुतण्याने एकेक भाग निवडून आणला आणि माजघरात पाटावर बसून तो जुळविला. सौभाग्यवतींनी पेटीस हळदकुंकू वाहिले, सूनबाईंनी पेढे वाटले, आणि मुलांनी काचेतून दिसणारे आतील रंगीत दिवे डोळे भरून पाहून घेतले. या सर्व कौतुकात एका भागाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिले नाही. पेटीच्या तळाशी, काळ्या पत्र्याच्या आड, विटेएवढी एक जड वस्तू बसविलेली होती. बाजारात तिला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतील वीज घेऊन ती इतर सर्व भागांना त्यांना पचेल अशा रूपात पुरवावयाची, एवढेच तिचे काम. आमची दृष्टी त्या दिवशी तिच्यावरच खिळली होती, आणि त्यास कारण होते. ते सांगण्याकरिताच हा लेख योजिला आहे. कारण झालेली चूक आमची होती, आणि ती इतर घरी होऊ नये अशी इच्छा आहे.

याच पुतण्याने २०१७ साली, महाविद्यालयात शिकत असता, आमच्या घरचा पहिला संगणक जुळविला होता. त्याने भागांची यादी व किंमती लिहून आमच्यापुढे ठेविल्या. घरातील खर्चाची वही आमच्या हाती असल्यामुळे आम्ही लेखणी घेऊन बसलो. एसएमपीएसपुढे ४,२०० रुपये असा आकडा होता. आम्ही विचारले, “पेटीबरोबर एक आयताच मिळतो आहे ना? त्यावर ४५० वॅट असे ठळक छापलेही आहे.” तो म्हणाला, “काका, तो नको. बाकी कशातही काटकसर करू, ह्यात नको.” आम्ही हसून उत्तरलो, “अरे, वीज ती वीज. तिच्यात उंची आणि हलकी असे काय असावयाचे?” मुलगा मर्यादशील, तो गप्प राहिला. वाचलेल्या पैशांत आम्ही मोठा पडदा घेतला, आणि आपण व्यवहार साधला या समाधानात सहा वर्षे काढली.

त्या संगणकावर आम्ही आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी नदीकाठच्या पेठेतील आत्याबाईंच्या घरात शिरले, तेव्हा त्यांना आम्ही आपल्या घरी आणले. वय नव्वदीचे, दृष्टी गेलेली, परंतु स्मरण लखलखीत. त्या चार महिने राहिल्या, आणि रोज दुपारी निपाणीकडे गेलेल्या शाखेची हकीकत सांगत असत. सूनबाई ती थेट संगणकावर उतरवून घेत. पुरुषांची नावे कोठे ना कोठे लिहिलेली असतात. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, जमिनीचे कागद आहेत. घरात आलेल्या सुनांची माहेरची नावे व गावे मात्र कोठेही नव्हती. ती आत्याबाईंस ठाऊक होती. २०२१ साली त्या निवर्तल्या.

मे २०२३ मधील एका सायंकाळी वळिवाचा पाऊस आला. दहा मिनिटांत वीज तीन वेळा गेली आणि आली. तिसऱ्या खेपेस पेटीतून टप् असा आवाज झाला आणि जळक्या राळेसारखा वास माजघरभर पसरला. त्याच तारेवर चालणारा फ्रीज, पंखा, दूरचित्रवाणी संच ही सर्व सुखरूप होती. संगणक तेवढा गेला. आणि एसएमपीएस एकटा गेला नाही, तर जाताना मदरबोर्ड व दोन्ही डिस्का घेऊन गेला. आम्ही दुसरी प्रत ठेविली होती, परंतु ती त्याच पेटीतील दुसऱ्या डिस्कवर! एकाच नावेत दोघा भावांना बसविण्याचाच हा प्रकार. डिस्का पुण्यास पाठविल्या; दोन महिन्यांनी लग्नातील काही छायाचित्रे तेवढी परत आली.

जळालेली वस्तू घेऊन आम्ही उद्यमनगरातील एका वृद्ध कारागिराकडे गेलो. मोटारी रिवाइंड करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी ती हातात तोलली आणि उघडण्याआधीच मान हलविली. आत फळीवर भागांच्या जागा छापलेल्या होत्या, परंतु कित्येक जागा मोकळ्या होत्या; विजेतील खळबळ गाळणारी वेटोळी जेथे हवीत, तेथे नुसत्या तारेचे तुकडे जोडून काम भागविले होते. उष्णता शोषणारे पत्रे कागदासारखे पातळ. आम्ही म्हणालो, “दुकानात तर पंखा फिरवून दाखविला होता.” ते म्हणाले, “मास्तर, वजं ओढाय लावल्याबिगर बैल कळत न्हाई. चढावर बघायचा असतोय त्यो.”

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. दुकानदार हिरवी व काळी तार जोडून पंखा फिरवितात आणि माल चांगला म्हणून सांगतात. शितावरून भाताची परीक्षा पाकशाळेत खरी. येथे ती लागू पडत नाही, कारण त्या वेळी एसएमपीएसवर भारच नसतो. तेव्हा नव्या संगणकाच्या वेळी आम्ही पुतण्यास गुरू केले आणि विद्यार्थ्याच्या भूमिकेवरून हा विषय शिकलो.

पहिला धडा लेबल वाचण्याचा. भिंतीतील वीज २३० व्होल्टची व उलटसुलट वाहणारी. एसएमपीएस तिचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत रूपांतर करतो. आजच्या संगणकात मुख्य ओढ १२ व्होल्टवर असते. म्हणून पेटीवरील ठळक आकडा न पाहता लेबलाच्या कोष्टकात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि बाराने गुणावे. आमच्या जुन्या ४५० वॅटच्या लेबलावर तेथे १५ हा आकडा होता. म्हणजे १८० वॅट. कोष्टक सहा वर्षे आमच्या घरात होते आणि आम्ही, ज्यांनी पोरांना कोष्टके घोकविली, ते एकदाही वाचले नाही.

दुसरा धडा गरजेचा. पुतण्या स्थापत्याचे नकाशे व चित्रे करतो. त्याचा प्रोसेसर भरात असता सुमारे ८८ वॅट घेतो, ग्राफिक्स कार्ड ११५, आणि बाकी सर्व मिळून पन्नास-पंचावन्न. बेरीज २६० च्या आत. त्याने ५५० वॅटचा एसएमपीएस निवडला, म्हणजे नित्याचा भार निम्म्याच्या आसपास राहतो आणि क्षणिक उसळीस जागा उरते. एक हजार वॅटचा घेतला असता वीज अधिक जळली असती अशी आमची समजूत होती; ती चुकीची. संगणक मागेल तेवढीच वीज जाते. केवळ पैसे व्यर्थ पडतात.

तिसरा धडा पदकांचा. खोक्यांवर ‘८० प्लस’ असे चिन्ह आणि त्यापुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे शब्द असतात. ही योजना २००४ साली अमेरिकेत निघाली. तिच्या मूळ ११५ व्होल्टच्या परीक्षेत निम्म्या भारावर ब्राँझने शंभरांतील ८५ भाग उपयोगी लाविले पाहिजेत, गोल्डने ९०. उरलेले भाग उष्णतेत जातात. ३०० वॅट पुरवावयाचे तर या दोहोंत सुमारे २० वॅटचा फरक पडतो. रोज पाच तास धरले तर वर्षाकाठी ३६ युनिट. परंतु हे चिन्ह काटकसरीचे आहे, दीर्घायुष्याचे नव्हे, हे विसरू नये. ‘गोल्ड’ पाहून निश्चिंत होणे म्हणजे विद्यार्थ्याचे अक्षर वळणदार पाहून त्याला गणितात गुण देण्यासारखे होय.

चौथा धडा, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, संरक्षणाचा. करवीरनिवासी वाचकांस राधानगरीच्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे ठाऊक आहेत. पाणी ठराविक पातळीस पोहोचले की ते आपोआप उघडतात. मध्यरात्री कोणी किल्ली घेऊन जावे लागत नाही, आणि म्हणून धरण टिकते. चांगल्या एसएमपीएसमध्ये हीच बुद्धी योजिलेली असते. फरक इतकाच की तो उघडत नाही, मिटतो. बाहेर जाणारा दाब वाढला, प्रवाह अतोनात झाला, तारेस तार लागली किंवा उष्णता चढली की तो स्वतः बंद पडतो आणि इतरांस वाचवितो. आमच्यात ही सोय एक तर नव्हती किंवा नावापुरती होती. म्हणून खोक्यावर या संरक्षणांची नोंद आहे काय आणि हमी किती वर्षांची आहे, हे विचारावे. भरवशाच्या मालास पाच, सात, प्रसंगी दहा वर्षांची हमी असते. केवळ नावावर मात्र जाऊ नये. तैवानची सीसॉनिक आपला माल स्वतः बनविते. कोर्सेर पुष्कळ माल दुसऱ्या कारखानदारांकडून करवून घेते. आणि एकाच नावाखाली उत्तम व सामान्य अशा दोन्ही मालिका विकल्या जातात. तेव्हा घराण्याइतकीच व्यक्तीचीही चौकशी करावी.

पाचवा धडा आमच्या घराचा होता. एसएमपीएसमधील कपॅसिटर उष्णतेने वाळतात. साधारणतः दहा अंश उष्णता कमी झाली की त्यांचे आयुष्य दुप्पट होते. यासाठी ८५ ऐवजी १०५ अंशांस टिकणारे कपॅसिटर असलेला माल घ्यावा. परंतु सौभाग्यवतींनी हौसेने विणलेले आच्छादन आम्ही पेटीवर सहा वर्षे घालीत होतो, आणि तेही ती चालू असताना! ते आता रेडिओवर घातले आहे. शिवाय जुन्या पेटीच्या पत्र्यास हात लागला की झिणझिण्या येत. पोरे त्याची मौज करीत. वायरमनला बोलाविले तेव्हा कळले की तीन छिद्रांच्या सॉकेटमधील वरचे छिद्र कोठेही जोडलेलेच नव्हते, अर्थिंगच नव्हते. परसात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून ते नव्याने करविले. वीज गेल्यास काम जतन करून संगणक नीट बंद करता यावा एवढ्यापुरता एक यूपीएसही घेतला. चांगला एसएमपीएस घेऊन अर्थिंग न करणे म्हणजे कर्जाने सोने घेऊन दाराला कडी न लावणे.

नव्या एसएमपीएसला साडेपाच हजार पडले. वहीत तो आकडा लिहिताना आमचा हात थांबला नाही. कुलवृत्तांताच्या आता तीन प्रती ठेवितो. एक पेटीत, एक आमच्या कपाटात आणि एक बंधूंच्या पुण्यातील घरी.

पुरुषांच्या शाखा पुष्कळशा पुन्हा जुळल्या आहेत. निपाणीच्या शाखेतील सतरा सुनांच्या नावांपुढे मात्र ‘माहेर’ हा रकाना रिकामा आहे. परवा टंकन करताना पुतण्याने विचारले, “काका, येथे ‘अज्ञात’ असे लिहू काय?” आम्ही नको म्हणालो. ती नावे अज्ञात नव्हती. आम्हांस सांगितली गेली होती. तो काही बोलला नाही. त्याने रकाने तसेच ठेविले आणि पुढचे पान उघडले.