न हलणारा चेहरा



आमच्या सोनारीत भैरवनाथाच्या यात्रेला पाहुण्यांची वर्दळ असते. यंदा घरी आलेल्या बऱ्याच जणींनी जाताना मला हळूच विचारलं, "आत्याबाई रागावल्यात का गं?"

माझ्या सासूबाई रागावलेल्या नव्हत्या. त्यांना कंपवात आहे. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. मनात हसू आलं तरी ते ओठांवर उमटत नाही. डॉक्टर याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात.

त्या शब्दावरूनच लेकीनं मोबाईलवर जपानच्या नोह नाटकाची चित्रफीत दाखवली. ही कला ६०० वर्षांहून जुनी. २००८ साली युनेस्कोच्या वारसा यादीत तिची नोंद झाली. त्यातला तरुणीचा मुखवटा हिनोकी नावाच्या लाकडात कोरलेला होता. ना हसरा, ना रडका. नटानं मान किंचित वर केली की त्यावर उजेड पडतो आणि चेहरा खुलतो. मान झुकवली की सावली पडते आणि तोच चेहरा उदास दिसतो.

इतक्या लांब जायलाही नको. आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे आदिवासी गावांत बोहाडा होतो. त्यातले देव-दानवांचे मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. त्यांचे डोळे, ओठ काही हलत नाहीत. पण संबळाच्या तालावर पावलं पडू लागली की मुखवट्यात जीव येतो. चेहऱ्याचं काम सगळं अंग करतं.

आता आम्ही आत्याबाईंना खिडकीच्या उजेडात बसवतो आणि त्यांचे हात-पाय बघतो. नातू शाळेतून आला की त्यांची बोटं पदराशी चाळा करू लागतात. भाजी आवडली की हात आपणहून ताटाकडे वळतो. णमोकार म्हणताना आवाज बारीक होतो, पण एकही पद सुटत नाही. प्रश्न विचारला की आम्ही थांबतो. उत्तर उशिरा येतं, पण येतं.

परवा त्यांना कुंथलगिरीला नेलं होतं. तिथल्या मूर्तींचे चेहरेही हलत नाहीत. पण त्यांच्यापुढे उभं राहून "भगवान रागावलेत का?" असं कुणी विचारत नाही. आपण शांतपणे बघत राहतो.

तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर त्यांच्यासमोर "यांना काही कळत नाही" असं म्हणू नका. जवळ बसा, हात हातात घ्या आणि उत्तराची वाट बघा.