चारशे सत्त्याहत्तरचं भांडण

संपादकांचा फोन आला तेव्हा आमच्या पुस्तकाचं पाचवं प्रकरण तिसऱ्यांदा मोडलं होतं. "दोघं मित्र मिळून अजिंठ्यावर लिहिताय, त्यातली गंमत सांगा की," ते म्हणाले. गंमत अशी की सहलेखकाशी मी सात आठवडे बोललो नव्हतो.

तो चित्रकार, मी शिलालेख वाचणारा. पंचवीस वर्षं आम्ही सिल्लोडमार्गे एसटीनं फर्दापूरला जातो आहोत. लेणी सोमवारी बंद असतात हे विसरून दोनदा हात हलवत परतलो, तेव्हासुद्धा कुणी कुणाला बोल लावला नाही. मग पुस्तक लिहायला घेतलं.

त्यानं लिहिलं, 'इ. स. ४७७मध्ये वाकाटक राजा हरिषेण वारला आणि अजिंठ्याच्या कामाला उतरती कळा लागली.' मी ४७७ खोडून 'पाचव्या शतकाच्या अखेरीस' केलं. त्यानं पुन्हा ४७७ घातलं. मी 'सुमारे' जोडलं. त्याचा निरोप आला, "सुमारे म्हणायचं तर पुस्तकाचं नावच 'सुमारे अजिंठा' ठेवू."

लिपीच्या भानगडीत वाचकाला ओढू नका, असं संपादकांनी बजावलं आहे. थोडंच ओढतो. १६ नंबरच्या लेण्याबाहेर हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. अक्षरांच्या माथ्यावर पेटीसारखे चौकोन, आणि बरीच अक्षरं पावसापाण्यानं झिजलेली. त्यात वाकाटकांची वंशावळ आहे, साल नाही. पहिल्या प्रवरसेनाच्या पुढचं नाव एकोणिसाव्या शतकात 'रुद्रसेन' असं वाचलं गेलं, कारण इतर ताम्रपटांतून ते नाव विद्वानांच्या डोक्यात बसलेलं होतं. १९३९मध्ये वाशीमचा ताम्रपट उजेडात आला. त्यात सर्वसेन निघाला. संशोधक वा. वि. मिराशींनी अजिंठ्याची ओळ पुन्हा तपासली, तर तिथंही सर्वसेनच! दगड तोच, अक्षरं तीच. आणि त्यावरून वाकाटकांची एक अख्खी शाखा, वत्सगुल्मची म्हणजे वाशीमची, पक्की झाली. माझ्या धंद्यात माणूस डोळ्यांनी कमी आणि अपेक्षेनं जास्त वाचतो. म्हणून मला आकड्यांची धास्ती.

हरिषेणाबद्दल हाताशी काय आहे? वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याच्या लेखात त्याच्या बापाचा, देवसेनाचा, उल्लेख आहे आणि शक ३८० आहे, म्हणजे इ. स. ४५७-५८. मुलगा त्यानंतरचा, एवढं ठाम. मिराशींनी त्याला सुमारे ४७५ ते ५०० असं बसवलं. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन संशोधकानं ४६० ते ४७७ असं, आणि अजिंठ्याचा सगळा महायान पसारा जेमतेम वीस वर्षांत आवळला. स्पिंक कोठड्यांच्या दारांचे खुंट बसायची भोकं, गिलावा, दिव्यांची काजळी असलं काहीबाही बघत आयुष्यभर त्या डोंगरात हिंडला. २०१९मध्ये तो वारला तेव्हा माझा मित्र दोन दिवस जेवला नव्हता. भोकांबद्दल मीही मानतो. पण शेवटच्या राजकीय पडझडीसाठी स्पिंकला दंडीच्या 'दशकुमारचरिता'तल्या आठव्या उच्छ्वासाचा आधार लागतो. त्या कथेत वाकाटकांच्या अस्ताची सावली आहे ही कल्पना मूळ मिराशींचीच, आणि ती मोहक आहे. पण त्यावरून मृत्यूचं साल काढायचं म्हणजे कादंबरीवरून सातबारा काढणं झालं.

हे मी त्याला तावातावानं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग २४ नंबरचं तसंच का सोडलं?" त्या अर्धवट लेण्यासमोर, कोरता कोरता टाकून दिलेल्या त्या दालनात, माझा 'सुमारे' लटका पडतो. हे मी त्याला अजून बोललेलो नाही. इथं वाचेल.

लोकांना यातलं काहीच नको असतं. व्याख्यानानंतर पहिला प्रश्न पारूचा, म्हणजे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिलच्या प्रेयसीचा. एका प्रकाशकानं तर रॉबर्ट गिल आणि पारूचं प्रकरण पहिलं घ्या, मग बघू, असं सुचवलं. दुसरा प्रश्न 'फ्रेस्को'चा. ती चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत, वाळलेल्यावरची आहेत, असं मित्र पंचवीस वर्षं सांगतोय, आणि आभार मानणारा पुन्हा फ्रेस्कोच म्हणतो.

सलोखा टिकला तो दुसऱ्या प्रकरणात. ते भगवानलाल इंद्रजींचं. जुनागडचा हा माणूस मुंबईला डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजींच्या पदरी आला आणि त्यांच्यासाठी लेखांच्या नकला करत देशभर हिंडला. भाऊंनी १८६३मध्ये अजिंठ्याच्या लेखांवर निबंध मांडला. १८८१मध्ये पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचं पुस्तक निघालं, त्यावर पुरातत्त्वज्ञ बर्जेसच्या जोडीला भगवानलालांचं नाव आहे. भगवानलाल गुजरातीत लिहीत, बूलर हा जर्मन पंडित त्याचं इंग्रजी करी. १८८८मध्ये भगवानलाल गेले. त्यांच्या टिपणांवरून गुजरातचा इतिहास पुरा केला ए. एम. टी. जॅक्सननं. होय, तोच, ज्याला १९०९मध्ये नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. सहलेखनाचे धागे कुठून कुठं जातात! मित्रानं मसुद्याच्या समासात पेन्सिलीनं विचारलं होतं, 'ठसे घेताना दिवा कोण धरत होतं?' उत्तर मला कुठंच सापडलं नाही.

२६ नंबरच्या लेण्यावरचा बुद्धभद्राचा लेख या बाबतीत आमच्याहून चोख आहे. अश्मकाच्या राजाचा मंत्री भव्विराज याच्याशी आपली मैत्री अनेक जन्मांची आहे, असं हा भिक्षू सांगतो. लेणं त्याच्या आणि आपल्या आईबापांच्या नावानं करतो. वर देखरेख करणाऱ्या दोघांचीही, धर्मदत्ताची आणि शिष्य भद्रबंधूची, नावं घालतो. साल तिथंही नाही. राजाचं नावसुद्धा नाही! ते सोडून बाकी सगळी माणसं आहेत.

लेखातला हा उतारा मी मित्राला पाठवला, सोबत एक शब्द न लिहिता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "मंगळवारी येतोस? १७ नंबरच्या कोठड्यांची भोकं मोजायचीत. तुझ्यासमोर मोजतो, म्हणजे नंतर कटकट नको."

"आणि ४७७?"

"ते आहे तिथंच आहे. तू बॅटरी धर."

पावणेसहाची गाडी आहे. बॅटरीचे सेल काल आणून ठेवलेत.