मामाची लोकल

कुवेतमध्ये शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी मामा महबूल्याला आमच्या घरी जेवायला येतो. आई मटणाचा रस्सा करते. मामा तीन भाकऱ्या खातो आणि सोफ्यावरच झोपतो. पण फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी त्याला झोपायला मिळालं नाही. फलटणहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला. फोन मावशीच्या हातात होता, पण बोलायचं होतं दादाला, म्हणजे माझ्या मावसभावाला.

"मामा, मला वीस पूर्ण झाली. ट्रकवर जायचं म्हणतोय. पण आई म्हणते, लांब जायचं नाही. नव्या माणसाला सुरुवातीलाच लोकल काम मिळतं का?"

मुंबईत लोकल म्हटलं की ट्रेन आठवते. ट्रकवाल्यांची लोकल वेगळी. सकाळी जायचं, जवळपास माल पोचवायचा आणि रात्री घरी यायचं.

मागून मावशी म्हणाली, "रोज रात्री जेवायला घरी आला पाहिजे. बाकी मला काही कळत नाही."

मला वाटलं, मामा लगेच "हो" म्हणेल. अंतर कमी, म्हणजे काम सोपं, नाही का? पण मामा उठून बसला.

"अक्का, लोकल सोपी असते असं तुला कोण म्हणालं?"

मामाची गोष्ट मला थोडीफार माहीत होती. तो फलटणला उसाच्या ट्रकवर किन्नर होता. किन्नर म्हणजे क्लीनर, ड्रायव्हरचा मदतनीस. गाडी धुवायची, टायर बघायचे, चहा आणायचा आणि ड्रायव्हरला "उस्ताद" म्हणायचं. पण किन्नराचं खरं काम गाडी मागे घेताना असतं. तो खाली उतरतो, मागे उभा राहतो आणि ओरडतो, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!" आणि हाताने गाडीवर थाप मारतो. थाप ऐकली की उस्तादाने ब्रेक दाबायचा. मामा असाच शिकला. मग सहा वर्षं त्याने पुणे–बेंगळुरू रस्त्यावर स्वतः ट्रक चालवला. खंबाटकी घाट त्याला पाठ होता.

2016च्या उन्हाळ्यात तो कुवेतला आला. त्याच जुलैमध्ये इथे मित्रिबाह नावाच्या ठिकाणी 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. मी तेव्हा चौथीत होते. मामा आला याचाच मला आनंद होता.

आता एक गंमत सांगते. कुवेत हा देश आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा आहे. उत्तरेला इराकच्या सीमेवर अब्दली, दक्षिणेला सौदीच्या सीमेवर नुवैसीब. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दोनशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे पुणे ते कोल्हापूरही नाही! सीमा ओलांडायची नसेल तर इथलं सगळं काम लोकलच. इथे नदी नाही. समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात आणि काही ठिकाणी ते टँकरने पोचवतात. मामाला पहिलं काम मिळालं ते पाण्याच्या टँकरवर.

"सहा वर्षं ट्रक चालवला होता ना तू?" मी विचारलं. "मग तू नवा कसा?"

मामाने टेबलावरचा पोळ्यांचा डबा ओढला. "हा टँकर. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते, ड्रायव्हर उजवीकडे बसतो. इथे सगळं उलटं. गाडी उजवीकडून, ड्रायव्हर डावीकडे. ज्या बाजूला बसतो, तिकडचं सगळं दिसतं. दुसरी बाजू आंधळी. माझी आंधळी बाजू एका रात्रीत बदलली. परीक्षा देऊन इथलं लायसन्स काढलं, पण डोळ्यांची सवय कुठे बदलते?"

मग त्याने डब्यामागे मिठाची बाटली ठेवली. "मोठ्या रस्त्यावर शंभर किलोमीटर जा, स्टिअरिंग सरळ. लोकलमध्ये? दिवसातून पंधरा वेळा गाडी मागे घ्यायची. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मधूनच पोरं पळतात. सकाळी आणि दुपारी गर्दीच्या वेळेत मोठ्या रस्त्यांवर ट्रकला बंदी, म्हणून उरलेल्या वेळात घाई. आणि मागे किन्नर नाही. 'बस्स' म्हणायला कुणीच नाही."

डबा हळूहळू मागे आला. मिठाची बाटली पडली.

"अब्बासियात. तिसऱ्या आठवड्यात. उजव्या बाजूला नवीकोरी गाडी उभी होती. मला दिसलीच नाही."

कुणी काही बोललं नाही. फोनमध्ये मावशीसुद्धा गप्प होती. आईने विचारलं, "मग रे?"

"मग काय, ताई. मालकाने पगारातून पैसे कापले. चार महिने."

आईला हे नऊ वर्षांनी कळत होतं. मलाही. त्या वर्षी मामाने मला वाढदिवसाला सायकल कबूल केली होती आणि आणली नव्हती. मी त्याच्याशी दोन आठवडे बोलले नव्हते. मी बाटली उचलली आणि सांडलेलं मीठ पुसायला लागले. मामाकडे बघवेना.

दादा हळूच म्हणाला, "म्हणजे लोकल नको?"

"नको कोण म्हणतंय? मिळेल की. साध्या कारच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालाची गाडी चालवता येते. सुप्रीम कोर्टाने 2024मध्ये तसं पक्कं सांगितलंय. छोटा हत्ती घे, टेम्पो घे. मोठ्या ट्रकचं लायसन्स नंतर. त्याआधी हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर हातात असावं लागतं. पण काम धरताना मालकाला दोन गोष्टी विचार. पहिला महिना माझ्या शेजारी कोण बसणार? आणि गाडीला काही लागलं तर पैसे कोण भरणार? दुसऱ्या प्रश्नावर जो हसेल, त्याच्याकडे जाऊ नकोस."

"असं विचारलं तर काम देतील का?"

"काही देणार नाहीत," मामा म्हणाला. त्याने खोटं सांगितलं नाही, हे मला आवडलं. मावशीला बहुतेक आवडलं नाही.

दादाला दोन ठिकाणी नकार मिळाला. एकाने तर "मोठा साहेब आलाय" म्हणून टर उडवली. जूनमध्ये त्याला दुधाच्या टेम्पोवर काम मिळालं. पहिला महिना एक म्हातारे ड्रायव्हर शेजारी बसणार होते. पहाटे तीनला निघायचं, म्हणजे रात्रीचं जेवण घरी, पण झोप नाही. मावशीची आता तीच तक्रार असते.

पहिल्या दिवशी दादाने टेम्पोसमोर उभं राहून फोटो पाठवला. कपाळाला गंध, टेम्पोला झेंडूचा हार. आई म्हणाली, "किती छान दिसतोय!" मामाने फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला आणि लगेच फोन लावला.

"अरे, तुझा डावा आरसा बघ. किती खाली वळलाय! आधी तो नीट कर, मग पेढे वाट."